चौथी पिन

आमच्या गावात कुलपं व्हायची.
कॉर्डरी, ओहायो. ब्रँडेल लॉक कंपनी.
शाळेच्या लॉकरांची, धान्याच्या कोठारांची,
एकदा तर तुरुंगाची मोठी ऑर्डर होती.
मी सव्वीस वर्षं पिनांच्या टेबलावर.
एका कुलपाला पाच पिना, पाच स्प्रिंगा,
तांदळाच्या दाण्याएवढं पितळ
चिमट्यानं उचलायचं, भोकात सोडायचं
आणि ऐकायचं, बसलं की नाही.
नवऱ्याचं कधी इतकं कान देऊन ऐकलं नाही.

मग कंपनीला कुलूप लागलं.
लागलं म्हणजे खरंच लागलं, फाटकाला, साखळीसकट,
आणि ते आमचं नव्हतं.
ऑर्व्हिल टकाचनं उलटं करून पाहिलं,
खाली दुसऱ्याच देशाचं नाव.
थुंकला त्यावर. मग रुमालानं पुसलंसुद्धा.

अकरा वर्षांनी हाल्व्हर्सन आला,
सत्तर दुकानांचा मालक, आता गव्हर्नर व्हायला निघालेला.
तसली कुलपं त्याच्याच दुकानात मिळायची, दोन डॉलरला.
आम्हीही घ्यायचो की, सायकलींना, शेडला.
म्हणाला, मी धंदेवाला माणूस.
कामं बाहेर कशी जातात ते मला विचारा,
मीच पाठवली!
लोक हसले. तोही हसला.
म्हणून परत कशी आणायची तेही मलाच ठाऊक.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,
ऑर्व्हिल पुटपुटला.
मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू.
इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी इथं येऊन
कुलूप हा शब्दसुद्धा काढला नव्हता.

निवडून आला. दीड वर्षानं फाटकाशी तंबू, बँड,
मखमलीवर ठेवलेली किल्ली.
फिरेना.
गंज. कॅमेरे चालू.
त्यानं एका हातानं फिरवली, हसत,
मग दोन्ही हातांनी, न हसता.
कोणीतरी ओरडलं, ब्रँडेलचं आहे का कोणी?
पन्नासेक हात वर झाले.
मी जवळ होते.
केसातले दोन आकडे काढले, एक सरळ केला,
पहिली, दुसरी, तिसरी.
चौथी हटून बसलेली, तिला जरा गोंजारलं.
पाचवी.
माइकमध्ये तो म्हणाला, हेच! हेच हात मी परत आणतोय.
हात कुठं गेले होते, माझ्याच तर खिशात होते.
पेपरात ग्रझिबेकचं ग्रीनबेक झालं.

आली का कामं? बहीण विचारते, क्लीव्हलंडहून.
आली. बासष्ट.
आम्ही नऊशे होतो.
पिना आता यंत्राचा हात बसवतो,
तोही बाहेरूनच आलेला, पण त्याच्यावर कोणी थुंकत नाही.
शेजारच्या ड्वेनच्या पोराला रात्रपाळी लागली,
हात चुकतोय का ते बघत बसायचं.
त्यानं जुना पिकअप घेतला.
सकाळी सहाला आईसाठी डोनट घेऊन येतो,
ते मी कशातून वजा करू?
ऑर्व्हिल म्हणतो, फसवलं.
पोरगं म्हणतं, पगार तर दर शुक्रवारी येतो.
दोघं माझ्याच स्वयंपाकघरात भांडतात
आणि कॉफी मला उरत नाही.

फाटकाचं ते कुलूप कोणी परत मागितलं नाही.
काल दुपारी जुना चिमटा शोधला,
चष्मा बदलला, उघडून पाहिलं.
यंत्रानं बसवलेल्या पिना नव्हेत या. कळतं ते.
चौथी जराशी तिरकी,
स्प्रिंग तिथं दोनदा दाबलेली.
पाळी संपत आली असणार,
बोटं बधिर, एक डोळा घड्याळावर,
शेजारची काहीतरी सांगून हसवत असणार तिला.
मी अशा किती बसवल्यात.

तिचा कारखाना अजून चालू असेल का, कोण जाणे.

तेल घातलं, परत जोडलं.
शेडला लावलंय.